बाटलीतले रोप

श्रोतेहो, मनी प्लँटची वेल तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी असेल. घरी नसली तर ग्रामपंचायतीच्या कचेरीत, मुख्याध्यापकांच्या टेबलावर नाहीतर डॉक्टरांच्या दवाखान्यात ती नक्की पाहिली असेल. कुणाकडून तरी मागून आणलेली एक फांदी, एक काचेची बाटली आणि पाणी, एवढेच तिचे भांडवल. कुंडी नाही, माती नाही, शेणखत तर नाहीच. तरी वेल महिनेच्या महिने हिरवी राहते, तिला नवी पाने फुटतात. मग ही वेल खाते तरी काय? प्रश्न अगदी साधा दिसतो. पण युरोपातल्या विद्वानांना या प्रश्नाने दोन-सव्वादोनशे वर्षे घोळवले, आणि त्याच्या उत्तरातून केवढा पसारा निघाला पाहा! पोत्यातले रासायनिक खत त्यातून आले, ठिबकच्या नळीतून जाणारे विद्राव्य खत त्यातून आले, आणि मोठमोठ्या शहरांतल्या कचेऱ्यांत मातीचा कणही नसलेल्या कुंड्यांतून वाढणारी शोभेची झाडेही त्यातूनच आली. या प्रश्नाची हकीगत आज सांगायची आहे.

आरंभी एक गोष्ट बाजूला सारतो. मातीविना शेतीचा विषय निघाला की बाबिलोनच्या झुलत्या बागा, मेक्सिकोतल्या अझटेक लोकांच्या चिनाम्पा आणि काश्मीरच्या दल सरोवरातली तरंगती शेते यांची नावे हटकून घेतली जातात. ही झाली हौशी लोकांची वंशावळ. बाबिलोनच्या बागांचा निर्विवाद असा अवशेषच अद्याप मिळालेला नाही. चिनाम्पा म्हणजे तळ्यातला गाळ उपसून उथळ पाण्यात रचलेले वाफे. दल सरोवरातली शेते लव्हाळ्यांच्या चटईवर पाणवनस्पती आणि गाळ टाकून केलेली. गाळ म्हणजे मातीच की! तेव्हा ही मातीविना शेती नव्हे, पाण्यावरची माती आहे.

आपल्याकडे झाडाला ‘पादप’ असा एक सुंदर शब्द आहे. पादप म्हणजे पायांनी पिणारा. महाभारताच्या शांतिपर्वात भृगु आणि भरद्वाज यांच्या संवादात झाडाच्या या पिण्याची चर्चा आलेली आहे. कमळाच्या देठाने पाणी वर ओढावे तसे झाड मुळांनी पाणी ओढते, असा तिथे दृष्टान्त दिला आहे. निरीक्षण पक्के आहे. परंतु पिते म्हणजे नुसते पाणीच पिते की पाण्यातले आणखी काही, हे ठरवायचे तर तराजू हातात घ्यावा लागतो. तो घेतला ब्रुसेल्सच्या एका वैद्याने.

त्याचे नाव यान बाप्टिस्ट व्हॅन हेल्मोंट. त्याने एका मोठ्या मातीच्या भांड्यात भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती भरली आणि ५ पौंड वजनाचे विलोचे, म्हणजे वाळुंजाच्या जातीचे, रोप तिच्यात लावले. पाणी घातले ते पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित. वरून धूळ पडू नये म्हणून भांड्यावर भोके पाडलेला पत्रा बसवला. अशी ५ वर्षे गेली. मग झाड उपटून तोलले, तर ते भरले १६९ पौंड आणि वर काही औंस. दरम्यान गळून गेलेल्या पानांचे वजन त्यात धरलेलेच नव्हते. माती पुन्हा वाळवून तोलली. ती घटली होती फक्त सुमारे २ औंस! आजच्या मापाने सांगायचे तर झाड जवळजवळ पाऊणशे किलोने वाढले आणि माती दोन मुठीसुद्धा कमी झाली नाही. व्हॅन हेल्मोंटने निष्कर्ष काढला की झाडाचे लाकूड, साल, मुळे हे सारे केवळ पाण्याचेच बनले. त्याचा मृत्यू १६४४ साली झाला आणि हा प्रयोग त्याच्या मुलाने १६४८ साली छापलेल्या ग्रंथातून जगापुढे आला.

यातली गंमत ध्यानात घ्या. माप बरोबर, पण हिशेब चुकला. मातीचे ते २ औंस त्याने क्षुल्लक म्हणून सोडून दिले, आणि त्याच २ औंसांत पुढच्या दोन शतकांचे संशोधन दडलेले होते. दुसरी चूक तर नशिबाची थट्टाच म्हणावी लागेल. झाडाच्या कोरड्या वजनाचा फार मोठा भाग हवेतल्या कर्बवायूपासून तयार होतो, हे आज शाळेतली मुलेही सांगतात. आता ‘गॅस’ हा शब्द बनवला कोणी? याच व्हॅन हेल्मोंटने! कोळसा जळताना निघणारा वायू त्याने ओळखलेला होता. तोच वायू आपल्या झाडाच्या अंगात शिरून बसला आहे, एवढे मात्र त्याच्या मनात आले नाही.

पुढचे पाऊल पडले लंडनमध्ये. ग्रेशम कॉलेजातला वैद्यकाचा प्राध्यापक जॉन वुडवर्ड याने १६९९ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्याने पुदिन्याच्या काड्या काचेच्या कुप्यांतून नुसत्या पाण्यात वाढवल्या. मात्र पाणी निरनिराळे घेतले: एका कुपीत पावसाचे, एकीत झऱ्याचे, एकीत थेम्स नदीचे. ७७ दिवसांनी पुन्हा वजने घेतली, तेव्हा पावसाच्या पाण्यातली काडी साडेसतरा ग्रेनने वाढली होती आणि थेम्सच्या गढूळ पाण्यातली २६ ग्रेनने. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आपल्या गुंजेच्या निम्म्याहून किंचित जास्त. पुढे त्याने पाण्यात बागेतली माती कालवून पाहिली, तर पुदिना आणखी जोमाने वाढला. म्हणजे नितळ पाणी रोपाला फारसे पोसत नाही. पाण्यात विरघळून आलेले जे काही ‘पार्थिव’ असते ते पोसते.

नदीकाठच्या श्रोत्यांना हे पटवायला लंडनचे उदाहरण देण्याचीही गरज नाही. पुण्याखाली मुळा-मुठा किंवा कोल्हापूरजवळ पंचगंगा पाहा. जलपर्णीचा हिरवा गालिचा पात्रावर पसरतो. ही वनस्पती दक्षिण अमेरिकेतली. तिची मुळे मातीला न टेकता पाण्यात लोंबत असतात, आणि शहराच्या सांडपाण्यातून आलेले नत्र आणि स्फुरद ती आयते पिते. मातीविना शेतीचा एवढा यशस्वी नमुना दुसरीकडे सापडणार नाही. दुर्दैवाने तो आपल्याला नको असलेला आहे. वुडवर्डची थेम्स आणि आपली पंचगंगा यांत या बाबतीत फरक नाही.

अठराव्या शतकाच्या अखेरीस हवेचे कोडे सुटले. उजेडात हिरवे पान प्राणवायू सोडते हे इंगेनहाउसने १७७९ साली दाखवले, आणि १८०४ साली जिनीव्हाच्या द सोस्यूरने हवा, पाणी आणि क्षार या तिघांचा जमाखर्च मांडला. जर्मनीत १८४० साली लीबिगचा गाजलेला ग्रंथ आला. झाड कुजलेला पालापाचोळा जसाच्या तसा खात नाही, त्यातले खनिज क्षार घेते, असे त्याने ठासून सांगितले. हे श्रेय एकट्या लीबिगला देण्याची पद्धत पडली आहे, पण कार्ल श्प्रेंगेल या त्याच्याच देशातल्या शास्त्रज्ञाने तीच मते त्याच्याआधी मांडली होती. लीबिगचा आवाज मोठा आणि लेखणी तिखट, म्हणून नाव त्याचे झाले.

आता पुरावा हवा होता. झाड क्षारांवर जगते म्हणता ना? मग माती काढून टाका, नुसते क्षार द्या, आणि बी पासून बी पर्यंत रोप वाढवून दाखवा! हे काम १८६० च्या सुमारास दोघा जर्मनांनी केले, युलिउस झाक्स आणि विल्हेल्म क्नोप. झाक्सची रीत कोणत्याही शाळेत करता येईल इतकी सोपी होती. धुतलेल्या भुशात बी रुजवायचे, रोप बोटभर झाले की मुळे धुऊन घ्यायची, भोक पाडलेल्या बुचात ते रोप बसवायचे आणि मुळे खाली द्रावणात सोडायची. द्रावणात काय, तर मोजून घातलेले क्षार. क्नोपच्या द्रावणाची कृती वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांतून पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली: कॅल्शियम नायट्रेट, पोटॅशियम नायट्रेट, पोटॅशियम फॉस्फेट, मॅग्नेशियम सल्फेट आणि लोहाचा थोडा अंश. नत्र, स्फुरद, पालाश, चुना, मॅग्नेशियम, गंधक, लोह. यांतला एक काढा, रोप आजारते. परत घाला, सावरते. लोह नसले की नवी पाने पांढरट-पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ऊस किंवा भुईमूग पिवळा पडताना तुम्ही हे पाहिले असेल.

इथे एक मोठी मौज झाली. झाक्स आणि क्नोप यांना वाटले की यादी पुरी झाली. ती पुरी झालेली नव्हती. त्या काळचे क्षार आजच्याइतके शुद्ध नव्हते. त्यांत जस्त, तांबे, बोरॉन यांचे कण नकळत मिसळलेले असत, काही काचेच्या भांड्यांतूनही उतरत. रोपांना हे अन्न फुकट मिळत होते आणि शास्त्रज्ञांना त्याचा पत्ता नव्हता. विसाव्या शतकात क्षार जसजसे शुद्ध मिळू लागले तसतशी रोपे कुरकुरू लागली! १९२३ साली इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड केंद्रात कॅथरीन वॉरिंग्टन या विदुषीने एका जातीच्या घेवड्यावर प्रयोग करून बोरॉन आवश्यक असल्याचे सिद्ध केले. जस्त आणि तांबे मागोमाग आले, मॉलिब्डेनम १९३९ साली, क्लोरीन १९५४ साली आणि निकेल तर थेट १९८७ साली. आज ही यादी १७ मूलद्रव्यांची धरतात. तुमच्या जमिनीच्या आरोग्यपत्रिकेवर जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन यांचे आकडे छापून येतात ना? ते रकाने या काचेच्या बरण्यांतून आलेले आहेत. मातीला काय हवे ते आपल्याला माती बाजूला काढल्यावर समजले.

प्रयोगशाळेतली ही बरणी शेतात आणली कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठातल्या विल्यम गेरिक याने. १९२९ साली त्याने जाहीर केले की द्रावणाच्या टाक्यांवर पिके काढता येतील. त्याच्या टोमॅटोच्या वेली पंचवीस-पंचवीस फूट चढल्या. शिडीवर उभे राहून टोमॅटो तोडतानाची छायाचित्रे वर्तमानपत्रांतून झळकली आणि देशभर एकच गलबला झाला. १९३७ साली त्याने या विद्येला ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत हायडोर म्हणजे पाणी आणि पोनोस म्हणजे श्रम. नाव सुचवले होते सेचेल या सहकाऱ्याने. आता जमिनीची गरजच उरली नाही, घराच्या गच्चीवर कुटुंबाचे धान्य पिकेल, अशा बाता सुरू झाल्या आणि तयार क्षारांच्या पुड्या विकणारे व्यापारीही निघाले.

यानंतर जे झाले ते मला टोमॅटोंपेक्षा महत्त्वाचे वाटते. विद्यापीठाने द्रावणाचा तपशील मागितला. गेरिकचे म्हणणे पडले की हे काम मी फावल्या वेळात केले आहे, मी तपशील देणार नाही. वाद विकोपाला गेला आणि तो विद्यापीठ सोडून गेला. त्याचे पुस्तक १९४० साली निघाले. इकडे विद्यापीठाने डेनिस होगलँड आणि डॅनियल आर्नन या दोघांकडे तपासणी सोपवली. त्यांची पुस्तिका १९३८ साली प्रसिद्ध झाली. तिचा निर्णय थंड डोक्याने दिलेला आहे. पद्धत खरी आहे, पीक येते; परंतु सुपीक जमिनीला योग्य पाणी आणि खत दिले तर तीही तितकेच पिकते. जागेला मिळणारे ऊन तेवढेच, मग उत्पन्न अनेक पटींनी वाढणार कुठून? आणि या निर्णयासोबत त्यांनी द्रावणाची कृती वजनमापांसह छापून टाकली. होगलँडचे द्रावण म्हणून ती जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वापरली जाते. गेरिकने कल्पकता दाखवली यात शंका नाही. पण ज्याने कृती मुठीत ठेवली त्याचे द्रावण आज कोणी करीत नाही.

पुढे पॅन अमेरिकन कंपनीने पॅसिफिक महासागरातल्या वेक बेटावर, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने अटलांटिकमधल्या ॲसेन्शन बेटावर याच रीतीने ताजी भाजी पिकवली. जिथे खडकाखेरीज काही नाही तिथे ही विद्या शोभून दिसते.

हिंदुस्थानाचा संबंध येतो तो १९४६ पासून. बंगाल सरकारच्या सेवेत असलेल्या शोल्टो डग्लस याने तेव्हाच्या दार्जिलिंग जिल्ह्यातल्या कालिंपोंग येथे प्रयोग मांडले, आणि १९५१ साली ‘बंगाल पद्धत’ या नावाने त्याचे पुस्तक निघाले. अमेरिकेतल्या टाक्या, पंप, नळ आपल्याकडे परवडणारे नव्हते. डग्लसने उथळ चरांत खडी, वाळू आणि विटांचे तुकडे भरले, क्षारांची कोरडी पूड वरून मोजून टाकली आणि झारीने पाणी दिले. पंप नाही, वीज नाही. विटेचा तुकडा पाणी धरून ठेवतो आणि दोन तुकड्यांच्या फटीत हवा राहते. बस्स, एवढ्यावर काम चालते.

पाणी आणि हवा एकत्र! शेतकरी श्रोत्यांना मी इथे जास्त सांगायला नको, कारण या अवस्थेला आपल्या भाषेत फार नेमका शब्द आहे: वाफसा. पाऊस उघडल्यावर शेत ना चिखलाचे ना कोरडे, अशा वाफशावर आपण पेरतो. मुळांना श्वास घ्यावा लागतो. हवेत प्राणवायू शेकडा २१ भाग असतो. पण ३० अंश उष्णतेच्या एका लिटर पाण्यात तो जेमतेम साडेसात मिलिग्रॅम विरघळतो, आणि पाण्यातून त्याचा प्रसार हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट मंद होतो. काळ्या रानात पाणी तुंबले की तूर पिवळी पडते ती पाणी जास्त प्यायल्याने नव्हे, तर मुळे गुदमरल्याने. मातीविना कुंडीची सारी करामत म्हणजे बारमाही वाफसा राखण्याची युक्ती आहे.

ही युक्ती दिवाणखान्यातल्या झाडांपर्यंत पोचायला आणखी दोन गोष्टी लागल्या. एक म्हणजे ती झाडे. लंडनचा डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड याने १८२९ साली एका झाकलेल्या बाटलीत पतंगाचा कोश ठेवला होता. कोश राहिला बाजूला, बाटलीतल्या ओल्या मातीत नेच्याचे रोप उगवले आणि तगले. त्यावरून त्याने काचेची बंद पेटी बनवली. १८३३ साली अशा पेट्यांतून झाडे सिडनीपर्यंत जिवंत गेली. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने मरणारी उष्ण कटिबंधातली रोपे या पेट्यांतून युरोपात पोचू लागली. (चीनमधून चहाची रोपे हिमालयात आणली गेली तीही याच पेट्यांतून, म्हणजे आपल्या सकाळच्या कपाशीही या डॉक्टराचा संबंध पोचतो.) फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, डिफेनबाखिया, आपल्या आसामातला रबर ही मंडळी अशी परदेशी दिवाणखान्यांत स्थिरावली. त्यांना मंद उजेड चालतो, कारण मूळ ठिकाणी ती दाट रानाच्या सावलीत वाढतात. अळूच्या कुळातल्या वेली तर झाडांच्या खोडांवर चढतात आणि हवेत मुळे सोडतात. मातीची गाठ सोडण्याची सवय त्यांना जन्मजातच आहे.

आपली मनी प्लँट त्याच अळूच्या कुळातली. तिचे मूळ गाव ताहितीजवळचे मोओरेआ हे चिमुकले बेट. शास्त्रात तिची नोंद १८८० साली झाली. तिला फूल आलेले तुम्ही पाहिले नसेल, कुणीच सहसा पाहत नाही. जिबरेलिन नावाचे जे द्रव्य वनस्पतीला फुलायला लावते, ते तयार करण्यात या वेलीचा एक जनुक कमी पडतो, असे २०१६ साली उघड झाले. बी नाही, फूल नाही, तरी ही वेल निम्म्या जगात पसरली ती फांद्यांच्या देवघेवीतून.

दुसरी गोष्ट म्हणजे भाजलेल्या मातीच्या गोळ्या. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचा विटा बनवणारा स्टीफन हेड याला भट्टीत अति तापून फुगलेल्या विटा सापडत. असल्या विटा कुणी घेईना. त्याने त्या फुगण्याचाच अभ्यास केला आणि १९१८ साली पेटंट मिळवले. चिकणमाती हजार अंशांच्या वर झपाट्याने तापवली की तिच्यात वायूचे बुडबुडे धरतात आणि हलकी, सच्छिद्र गोळी तयार होते. पहिल्या महायुद्धात तिचा उपयोग सिमेंटची जहाजे बांधण्यासाठी झाला. पुढे १९६० नंतर स्वित्झर्लंड आणि पश्चिम जर्मनीत याच गोळ्या शोभेच्या झाडांच्या कुंड्यांत आल्या. कचेऱ्यांना ती सोय फारच मानवली. मातीच्या कुंडीला रोज कोणीतरी पाणी घालते किंवा सगळेच घालतात, आणि झाड सडते. नव्या कुंडीत बाहेरचे भांडे न गळणारे, आत जाळीची लहान कुंडी, तिच्यात गोळ्या, आणि पाण्याची पातळी दाखवणारा एक तरंगता काटा. काटा खालच्या खुणेला आला की पाणी घालायचे, तेही दोन-चार दिवस थांबून. भांड्याच्या तळाशी द्रावणाचा थर असतो. गोळ्या ते वातीसारखे वर चढवतात. वरच्या मुळांना ओलसर हवा मिळते, खालच्यांना पाणी.

हे घरी करायचे तर मनी प्लँट किंवा सिंगोनियमपासून सुरुवात करावी. फांदी कापताना पेराची गाठ त्या तुकड्यावर आली पाहिजे. उसाची कांडी लावताना आपण डोळा पाहतो तसेच. नुसते पान बाटलीत ठेवले तर ते हिरवे राहील, पण वेल होणार नाही. कुंडीतले जुने झाड उपटून गोळ्यांत लावण्यापेक्षा पाण्यात फुटलेली मुळे बरी, कारण मातीतली मुळे पाण्यात पुष्कळदा सडतात आणि झाडाला नवी फोडावी लागतात. गोळ्या विकत न मिळाल्या तर नव्या, पक्क्या विटेचे सुपारीएवढे तुकडे धुऊन घ्यावेत. पाडलेल्या भिंतीची वीट नको, तिला चुना-सिमेंट चिकटलेले असते. खत म्हणून ठिबकला वापरतात ते १९:१९:१९ चालेल, पण लिटरला अर्ध्या ग्रॅमहून जास्त नको. चुना आणि मॅग्नेशियम त्यात नसतात. ते आपल्या विहिरींच्या जड पाण्यातून बहुधा मिळतात. भांड्याला उजेड लागला की शेवाळ धरते, म्हणून ते काळ्या कागदाने गुंडाळावे. आणि नुसत्या पाण्याच्या बाटल्या आठवड्यातून एकदा ओतून, आतून घासून धुतल्याच पाहिजेत. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, अंडी काचेला चिकटून राहतात आणि आठ-दहा दिवसांत डास उडतो. गोळ्या भरलेल्या कुंडीत पाण्याचा पृष्ठभाग उघडा राहत नाही, हा तिचा आणखी एक फायदा.

घरातली हवा अशा झाडांनी शुद्ध होते, असेही सांगतात. १९८९ साली अमेरिकेच्या नासा संस्थेने लहान बंद पेट्यांत केलेल्या प्रयोगांवरून ही समजूत पसरली. घराला दारे-खिडक्या असतात! २०१९ साली जुन्या सगळ्या प्रयोगांचा पुन्हा हिशेब मांडला गेला, तेव्हा खिडकी उघडण्याची बरोबरी करायला खोली झाडांनी खच्चून भरावी लागेल असे निघाले. झाड शोभेसाठी ठेवावे, तेवढे कारण पुरे आहे.

आता एका गोष्टीबद्दल थोडे परखड बोलतो, कारण तिच्यात शेतकऱ्याचा पैसा गुंततो. गेल्या काही वर्षांत ‘हायड्रोपोनिक चारा’ म्हणून मक्याचे दाणे ट्रेमध्ये भिजवून आठ-दहा दिवसांत हिरवागार गालिचा तयार करण्याची यंत्रे गावोगाव दाखवली जातात. एक किलो मक्याचा सहा-सात किलो चारा झाला, असे काट्यावर तोलून दाखवतात. काटा खोटे बोलत नाही. पण घरात मटकीला मोड येतात तेव्हा वाटीभर मटकीची पातेलेभर उसळ होते, म्हणून कुणी मटकी वाढली असे म्हणते का? वाढले ते पाणी. दाण्यात आईने बांधून दिलेली शिदोरी असते, कोंब तीच खातो, आणि श्वासावाटे तिच्यातला काही भाग हवेत जातो. कोवळ्या पानांनी हवेतून काही मिळवायच्या आत आपण तो चारा कापतो. एक किलो मक्यात सुमारे ९०० ग्रॅम कोरडे द्रव्य असते. सहा किलो चाऱ्यात शेकडा ८५ ते ८७ भाग पाणी धरले तर कोरडे द्रव्य ८०० ते ९०० ग्रॅमच भरते, आणि बहुतेक वेळा ते मूळ दाण्यापेक्षा कमीच असते. दुष्काळात, हिरवे मुळीच नसताना, थोडा चारा जनावराच्या तोंडाला चव आणील. तेवढ्यापुरता करायला हरकत नाही. यंत्राचे कर्ज काढण्याआधी मात्र चारा वाळवून तोलावा आणि मगच दाण्याच्या भावाशी हिशेब घालावा.

शिक्षक श्रोत्यांसाठी एक प्रयोग सांगून थांबतो. वुडवर्डचा प्रयोग शाळेत फुकटात होतो. पुदिन्याच्या सारख्या जाडीच्या नऊ काड्या घ्या, तीन-तीन काड्या तीन बाटल्यांत ठेवा. एकीत पावसाचे धरून ठेवलेले पाणी, दुसरीत विहिरीचे, तिसरीत शेतातली मूठभर माती रात्रभर भिजवून फडक्याने गाळलेले पाणी. तिन्ही बाटल्या एकाच खिडकीत, तिन्हींना काळा कागद, आणि आठवड्याला पाणी बदलणे. पावसाच्या पाण्यातल्या काड्याही सुरुवातीला वाढतील, कारण त्यांच्या अंगात थोडी शिल्लक असते. मुलांनी तेवढ्यावर निकाल लावू नये. सहा आठवड्यांनी पानांचा रंग, मुळांची लांबी आणि नव्या पानांची संख्या मुलांकडून तक्त्यात लिहून घ्या. वजन करायचे असेल तर काड्या सावलीत आठ दिवस, मग कडक उन्हात दोन दिवस वाळवून करावे. फरक काही गुंजांचा असेल, तिथे वाण्याचा काटा उपयोगी पडत नाही. गावातल्या सोनाराला विचारावे, तो आपल्या काट्यावर हौसेने तोलून देईल.